छतावरच्या कुंड्यांबाबत सूचना

त्या शहरात बातम्या अशा फारशा घडत नसत, आणि ज्या घडत त्या आधी सूचनारावांच्या तोंडून घडत. वाचनालयाचा पंखा बंद पडलाय, तेव्हा वाचनालय दुपारी बंद. पुलाच्या कठड्याला रंग दिलाय, कुणी टेकू नये. पोहण्याचा तलाव सुरू झालाय, टॉवेल ज्याचा त्याने आणावा. बाजाराजवळ एक तपकिरी कुत्रा सापडलाय, स्वभावाने गरीब आहे, मालकाने येऊन ओळख पटवावी. नगरपालिकेच्या पाणी खात्याचा छोटा टेम्पो, त्याच्या टपावर कर्णा आणि चालकाशेजारी मांडीवर माइक घेऊन बसलेले सूचनाराव, असा सगळा सरंजाम रोज गल्लीगल्लीतून फिरे. पगारपत्रकावर त्यांचं काही वेगळं नाव होतं, पण ते पगार करणाऱ्यालासुद्धा शोधावं लागे.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. दर कोपऱ्यावर आधी माइकमध्ये एकदा खोकायचं, मग सूचना सांगायची, मग तीच पुन्हा सांगायची. माइक चालू आहे की नाही हे पाहायला सुरुवातीला कधीतरी ते खोकले असतील, पण पुढे तो खोकलाच सूचना होऊन बसला. खोकला ऐकला की बायाबापड्या हातातलं टाकून नळाखाली बादली लावत. पाणी जाणार असेल तर बरंच झालं, नसेल तर भरलेली बादली काही वाया जात नाही, असा हिशेब. पुढचं बोलणं ऐकायला कुणी थांबत नसे आणि सूचनारावांना हे ठाऊक नव्हतं, हे त्यांचं नशीब.

घरीही माणूस तसाच बोलायचा. दिवाणखान्यातला दिवा उद्यापासून जपून वापरावा, मोरीजवळ ओल आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी. बायको कसलेली होती. ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "जेवण वाढलेलं आहे. उशीर झाल्यास घर जबाबदार राहणार नाही."

उन्हाळा म्हणजे तर सूचनारावांचा हंगाम. पाणी उकळून प्या, टाक्यांवर झाकणं ठेवा, बंद गाडीत लेकरं-जनावरं सोडू नका, डोक्याला काहीतरी बांधल्याशिवाय बाहेर पडू नका. खात्याकडून आलेल्या सूचना एवढ्याच. पण या उन्हाळ्यात त्यात एक भर पडली, आणि ती खात्याकडून आलेली नव्हती.

"छतावरच्या कुंड्यांना भर दुपारी पाणी घालू नये," सूचनाराव सांगू लागले. "झाडांना ते सोसत नाही. घालणाऱ्यालाही सोसत नाही."

आठवडाभराने त्यात वाढ झाली. "विशेषतः वयस्कर नागरिकांनी घालू नये." पुढे आणखी. "विशेषतः ज्यांना मागे एकदा चक्कर आलेली आहे, ज्यांच्या जिन्याला कठडा नाही, आणि जे लहानपणापासून कुणाचं ऐकत नाहीत, अशा नागरिकांनी तर मुळीच घालू नये."

शहरातले झाडून सगळे म्हातारे यावर नाराज झाले. प्रत्येकाला वाटलं, टोमणा आपल्यालाच आहे. एकाने तर छतावर कुंडी नसताना मुद्दाम दोन आणून ठेवल्या.

खरा टोमणा ज्याला होता तो नागरिक पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत राहायचा आणि तो सूचनारावांचा सख्खा थोरला भाऊ होता. दोघांत बोलणं नव्हतं. कारण विचाराल तर हसू येईल, पण त्या दोघांना ते आजवर आलेलं नव्हतं. दादांच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात माइक होता. आता घरात माइक आहे आणि घरातच उभा जन्म माइकवर घालवलेला माणूस आहे, म्हटल्यावर सूचनाराव नवा शर्ट घालून, घसा साफ करून, माइकपासून हाताच्या अंतरावर सकाळपासून उभे. आणि दादांनी माइक दिला कुणाला, तर व्याह्यांच्या कुठल्याशा भाच्याला. वर चारचौघांत हसत म्हणाले, "याच्या हातात दिला, तर अख्खं वऱ्हाड पानावरून उठून बादल्या घेऊन पळेल!"

मांडव हसला. सूचनाराव न जेवता घरी आले ते आलेच. दादांना वाटलं, एवढ्याशा थट्टेवर रुसायचं काय. सूचनारावांना वाटलं, थोरल्याने एकदा येऊन पाठीवर हात ठेवायला काय हरकत होती. दोघांनीही वाट पाहिली. वाट पाहण्यात दोघे एकमेकांना हार जाणारे नव्हते. पाहता पाहता मुलीला मूल होऊन ते शाळेतही जायला लागलं.

जावा-जावांचं फोनवर मात्र सगळं सुरळीत होतं, आणि त्यातूनच सूचनारावांच्या कानावर आलं की दादांना मागे चक्कर आली होती, डॉक्टरांनी उन्हात जायला बंदी केली आहे, तरी हा माणूस रोज दुपारी बाराला कुंड्यांना पाणी घालायला म्हणून छतावर जातो. पण बोलणं नव्हतं ना! मग ज्याच्याशी बोलणं नाही त्याला सांगायचं कसं, तर साऱ्या शहराला सांगायचं, की त्यातच तोही आला. खात्याचा कर्णा त्यांनी या कामी लावला.

टाकीमागच्या गल्लीत टेम्पो दुपारी बाराच्या सुमारास पोचे. चालक न सांगता वेग कमी करी. सूचनाराव खोकत आणि वर बघत. वर छताच्या काठाशी दादा हातात झारी घेऊन उभे असत. खोकला ऐकला रे ऐकला की ते मान वळवत आणि रस्त्याकडे गाल करून, पलीकडे कुठेतरी बघत उभे राहत.

"बघितलंस?" सूचनाराव माइकवर हात ठेवून चालकाला म्हणत. "मी याच्या जिवासाठी घसा फोडतोय, आणि हा तोंड फिरवतो!"

"राव, मग उद्या नका सांगू."

"सांगणार. आणखी जोरात सांगणार."

ही अशी गंमत चालू असताना पाणी खात्यात नव्या मॅडम आल्या. बाई हुशार होत्या, बोलायला गोड होत्या. त्यांनी एक दिवस टेम्पोमागून आपली गाडी चालवत सगळ्या सूचना ऐकल्या आणि दुसऱ्या दिवशी सूचनारावांना बोलावून घेतलं.

"कुंड्यांचं आपण कुठे म्हटलंय?"

"उन्हाळ्याचे दिवस आहेत, मॅडम. नागरिकांची काळजी."

"पण 'लहानपणापासून कुणाचं ऐकत नाहीत' हे खात्याला कसं माहीत?"

यावर सूचनाराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. मॅडम रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, की या वयात तुम्ही उन्हातान्हात फिरावं हे मलाच बरं वाटत नाही. सोमवारपासून एका मुलीचा रेकॉर्ड केलेला आवाज टेम्पोवर लागेल आणि तुम्ही आत पंख्याखाली चौकशीच्या खिडकीवर बसाल. खरं तर हे चांगलंच होतं. ज्याला त्याला वाटलं, म्हाताऱ्याने सुटकेचा निःश्वास सोडला असेल. सूचनाराव घरी आले आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपले. बायकोने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "आता त्याला कोण सांगणार?"

"तुम्ही जाऊन सांगा की. पाच गल्ल्या पलीकडे तर राहतात."

"मी? मी का जाऊ?"

सोमवार उजाडला. मुलीचा आवाज खरोखरच छान होता, लोण्यासारखा. फक्त ती खोकत नव्हती. त्यामुळे पहिल्याच दिवशी अर्ध्या शहराने बादल्या भरल्या नाहीत, नेमकं पाणी गेलं आणि चौकशीच्या खिडकीवर ही गर्दी उसळली. सूचनाराव एकेकाला समजावत होते. मनातून थोडे खूश होते, असं म्हणायला हरकत नाही. पाणी परत आलं, गर्दी ओसरली, तेव्हा जेवणाची सुट्टी होऊन गेली होती. तेवढ्यात चालक घाम पुसत आत आला.

"राव, तुमचे दादा अजून वरच आहेत."

"अजून? दोन वाजायला आले!"

"बाराला गेलो तेव्हा उभे होते. गाडी पुढे गेली तरी उभेच. मी आत्ता येताना मुद्दाम तिकडून आलो, तर तिथेच. मी हात केला, पण ते गाडीच्या मागे बघत होते. मागून अजून एखादी गाडी येणार असल्यासारखे."

सूचनाराव खुर्चीतून उठले ते खिडकी उघडी टाकूनच. टेम्पोत बसले आणि सवयीने हात मांडीकडे गेला, तर माइक नव्हता. तो खात्याने काढून ठेवला होता, तिथे आता रेकॉर्डचा एक डबा होता. म्हणजे खालून ओरडून काम भागण्यातलं नव्हतं. चालकाने टेम्पो टाकीमागच्या गल्लीकडे दामटला.

वहिनी दारातच उभ्या होत्या. "आलात भाऊजी? मी हाका मारून दमले. म्हणतात, अजून आला नाही, तो आला की उतरतो."

"कोण आला नाही?"

"अहो, तुम्ही!" वहिनी चिडल्याच. "रोज कशाला जातात वर? कुंड्यांसाठी? आधी मलाही तसंच वाटायचं. काल जाऊन बघितलं, तर एका कुंडीत जिवंत पान नाही. नुसती माती!"

कठडा नसलेल्या त्या जिन्यावरून सूचनाराव कसे चढले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. वर ऊन नुसतं भाजत होतं. दादा उलट्या घातलेल्या बादलीवर बसले होते, कोरडी झारी पायाशी, चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. डोक्याला काही नाही. सूचनारावांनी खिशातला रुमाल काढून आधी त्यांच्या डोक्यावर टाकला. इतक्या वर्षांत त्यांना माइकशिवाय या माणसाशी बोलायची सवयच राहिली नव्हती. शेवटी व्हायचं तेच झालं. ते खोकले.

दादांनी चटकन मान वळवली, गाल त्यांच्याकडे करून. मग हळूच डोळे फिरवून पाहिलं.

"बारक्या?"

"दादा, इथे का बसलायस? रोज सांगतोय ना मी! कुंड्यांना दुपारी पाणी घालू नये, वयस्करांनी तर मुळीच..."

"काय?"

"सांगतोय ना रोज! खालून!"

"जरा जोरात बोल. या बाजूने." दादांनी उजव्या कानावर टिचकी मारली. "डावा गेलाय. हाही निम्मा गेलाय. घरात तर काहीच येत नाही, म्हणून वर येतो. इथे तुझा आवाज येतो."

सूचनाराव बघतच राहिले. जिन्याच्या तोंडाशी पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या वहिनीही बघत राहिल्या. "मला म्हणालात का कधी? ऐकत नाहीत हे मला लग्नापासून माहीत होतं हो, भाऊजी. त्यामुळे ऐकू येत नाही हे कळायला वेळ लागला."

"म्हणजे रोज मान वळवायचास ती..." सूचनाराव म्हणाले. "मी म्हटलं, तोंड फिरवतोय."

"कान लावायचो रे."

"मग मी काय सांगायचो ते ऐकलंस ना? मग तरी खाली का नाही गेलास?"

दादांनी पाण्याचा घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला, मग गिळला. "शब्द नाही कळत. कर्ण्यात तर मुळीच नाही. नुसता आवाज कळतो. खोकलास की कळतं, आला. दोनदा बोललास की कळतं, बरा आहे. आज कुणी भलतीच आली. मला वाटलं, तुझं काही..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं आणि झारी उगाच सरळ करून ठेवली.

सूचनारावांचे डोळे भरले. पुसायला रुमालही नव्हता, तो थोरल्याच्या डोक्यावर होता. म्हणजे याला उन्हातून घरात घालवायला आपण रोज ओरडत होतो, आणि आपलं ओरडणं ऐकायलाच हा उन्हात येत होता. शहरात इतका शहाणा कारभार दुसऱ्या कुणाचा नसेल. त्यांना रडता रडता हसू फुटलं. मग ते खाली उकिडवे बसले, दादांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि छाती भरून, एकदा खोकून, जन्मातली सगळ्यात मोठी सूचना दिली:

"भर दुपारी छतावर येऊ नये! डोक्याला काहीतरी बांधावं! पाणी प्यावं! उद्यापासून बारक्या रोज संध्याकाळी स्वतः घरी येईल, नागरिकांनी खालीच थांबावं!" आणि पद्धतीप्रमाणे सगळं पुन्हा एकदा.

या वेळी दादांना शब्दन् शब्द कळला. त्यांनी मान डोलवली. तेवढ्यात खाली गल्लीत धडधड दारं उघडली, कुणीतरी "आला गं आला, बादली लाव!" म्हणून ओरडलं आणि घरोघरी नळ सुटल्याचा आवाज आला. दादा उठले, भावाच्या खांद्याला धरून छताच्या काठाशी गेले आणि खाली उडालेली धांदल त्यांनी डोळे भरून पाहिली.

"बघ," ते म्हणाले. "मी लग्नात म्हणालो होतो ना?"

"हो," सूचनाराव म्हणाले. "म्हणाला होतास."

"माइक द्यायला हवा होता तुला."

सूचनारावांनी थोरल्याच्या दंडाला धरलं आणि दोघे जिना उतरू लागले. कठडा नव्हता म्हणून दादा भिंतीच्या बाजूने चालायला हवे होते. पण त्यांनी हट्टाने बाजू बदलून घेतली आणि उजवा कान भावाकडे ठेवला.