गुराखिणीचा श्वास

लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, म्हणून मला ते आवडतं. कारण एवढंच आहे आणि मला ते पुरतं. स्टुडिओत श्वास पुसून टाकतात. दोन ओळींच्या मधे बाईनं हवा आत घेतलीच नसावी असं वाटेल इतकं गाणं धुऊन काढतात, आणि मग लोक म्हणतात, काय निर्मळ आवाज आहे. मी भूलतज्ज्ञ आहे. दिवसभर दुसऱ्यांचे श्वास ऐकणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. श्वास न घेणारं माणूस दिसलं की मला निर्मळ वगैरे काही सुचत नाही, मी धावते.

ती सीडी मला गाडीबरोबर मिळाली. दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं, आम्हाला इंग्लंडात लीड्सला येऊन बरीच वर्षं झाली होती, आणि माझी स्वतःची अशी पहिली गाडी मी तेव्हा घेतली, सेकंडहँड. आधीच्या मालकानं प्लेअरमधली सीडी काढायचे कष्ट घेतले नव्हते. किल्ली फिरवली तर आधी टाळ्यांचा कडकडाट झाला, कोणीतरी शिट्टी मारली, आणि एक बाई खाकरून म्हणाली की आज मला सर्दी झालीय, तेव्हा वरचे सूर तुमचे तुम्ही सांभाळा. मग गिटार वाजली. मी घरी निघायच्या ऐवजी हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये बसून राहिले.

अमेरिकन कंट्री संगीताबद्दल मला तोपर्यंत तितकंच कळत होतं जितकं आमच्या इंग्रज शेजारणीला लावणीबद्दल कळत असेल. ट्रक, दारू, सोडून गेलेला नवरा आणि न सोडणारं कुत्रं, झालं. या बाईच्या गाण्यांतही हे सगळं होतं. पण ती पन्नाशी उलटलेली होती आणि तिला ते लपवायचं नव्हतं. लांब ओळ आली की आधी ती छाती भरून श्वास घ्यायची, तो मायक्रोफोनमध्ये स्पष्ट यायचा. कधी ओळीच्या शेवटी तो कमी पडायचा, आणि तिथे समोरचे हजारएक लोक ओळ उचलून पुरी करायचे. चौथ्या गाण्यात तर कमालच आहे. ते ती चुकून फार वर उचलते. दीड ओळ गाते आणि थांबते. "नाही," म्हणते, "हे वर लागलं." सगळा बँड थांबतो. गिटारची खुंटी पिळल्याचा आवाज येतो, पुढच्या रांगेतलं कोणीतरी काहीतरी ओरडतं, ती त्याला उत्तर देते, आणि मग खालच्या पट्टीत पहिल्यापासून सुरू करते. लाजणं नाही, सारवासारव नाही. आणि अल्बम काढणाऱ्यांनी तो तुकडा कापला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तिचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की लगेच कोणीतरी इंटरनेटवर बघून मला कळवेल की ही तर दुसऱ्या फळीतली. असेल. मला फळ्या लावायच्या नाहीत.

नवऱ्यानं काउबॉयवरून तिचं नाव गुराखीण ठेवलं. तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे लोकांचं निमूट ऐकून घेण्याचा पगार मिळणारा माणूस, पण घरी त्याच्या कानांचे फार चोचले. त्याच्याकडे जुन्या मैफिलींच्या खासगी कॅसेटचे दोन खोके आहेत, त्याच्या काकांकडून आलेले. त्यातल्या एकीत तबला जुळवताना हातोडी इतका वेळ ठोकत राहतात की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हावा, आणि बंदिशीच्या ऐन समेवर पुढे बसलेले एक गृहस्थ खोकतात. तो खोकला नवऱ्याला पाठ आहे. पाहुणे आले की बोट वर करून सांगतो, "आता ऐका हं, आता खोकतील." मी विचारलं की खोकला पुण्याचा असला की अस्सल आणि अमेरिकेचा असला की गोंगाट, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? तो म्हणाला, "अगं, तुलना तरी कशाची करतेस."

एका रविवारी आमच्याकडे चार मराठी डॉक्टर कुटुंबं जेवायला होती. सगळ्यांनी मिळून माझी यथेच्छ टिंगल केली. एक वहिनी हळहळल्या, तू तर पाच वर्षं शास्त्रीय शिकलेली ना गं, मग असं कसं झालं? जणू मला काही लागण झाली होती. मी म्हटलं, शिकले म्हणूनच कळतंय. पुढचे चार रविवार मी भाकरी थापताना मुद्दाम तीच सीडी लावली, आणि आवाज नेहमीपेक्षा मोठा ठेवला.

घरी हट्ट करणं सोपं असतं. कामाच्या जागी माझं तसं नव्हतं. मी स्टाफ ग्रेड होते. बाहेरच्या देशातून शिकून आलेले अनुभवी डॉक्टर तिकडे या पदावर वर्षानुवर्षं राहतात. काम कन्सल्टंटचं, म्हणजे सगळ्यात वरच्या डॉक्टरचं, पाटी मात्र दुसरी. पण तेव्हा आमच्यासारख्यांना अर्ज करून कन्सल्टंट होण्याची एक नवी वाट उघडली होती. त्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा होता ज्याच्याबरोबर जास्त काम केलं त्या कन्सल्टंटचा अभिप्राय. माझ्या बाबतीत तो एक हाडांचा सर्जन होता. गुडघे आणि खुबे बदलायचा. हात सोन्यासारखा, माझ्या आईचा गुडघा मी डोळे मिटून त्याच्या हवाली केला असता. त्यानं लिहायचं कबूल केलं होतं. मला ते पद हवं होतं, अगदी हपापल्यासारखं हवं होतं, खोटं कशाला बोलू.

त्याच्या थिएटरमध्ये एक रिवाज होता, बहुतेक ठिकाणी असतोच. ज्याच्या हातात सुरी, त्याचं संगीत. कोपऱ्यातल्या शेल्फवर सीडी प्लेअर असे आणि त्यावर सर्जनच्या तरुणपणातलं ढोल बडवणारं रॉक वाजत असे. पेशंटच्या रक्तातला ऑक्सिजन उतरला की माझ्या मशीनचा टिकटिक सूरही उतरतो, आणि तो मला कानानं कळावा लागतो. म्हणून मी अधूनमधून आवाज कमी करायला सांगायची, तो करायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा वाढवायचा. यावरून मी कधी वाद घातला नव्हता.

मग एक म्हातारी गुडघा बदलायला आली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिला वॉर्डात भेटले. जन्म लोकरीच्या गिरणीत गेलेला. मागांच्या आवाजानं कान गेलेले, धुळीनं आणि सिगरेटींनी छाती गेलेली. छाती अशी असल्यावर पूर्ण भूल देणं मला धोक्याचं वाटत होतं. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा आणि तिला जागं ठेवायचं, असं ठरलं. ती म्हणाली, "दुखण्याची भीती नाही, लव्ह. हातोडीची आहे." तिच्या बहिणीचा गुडघा बदलला होता आणि तिनं हिला सगळं सांगून ठेवलं होतं. करवत, मग हातोडी, आपल्याच हाडावर, आणि आपण ऐकत पडलेलो.

कानातली यंत्रं काढून ठेवता येतील म्हटलं तर ती आणखीच घाबरली. गिरणीतल्या बायका एकमेकींचं बोलणं ओठांवरून ओळखतात. थिएटरमध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क, म्हणजे यंत्रंही काढली तर ती अगदीच एकटी पडली असती. हेडफोन लावले की यंत्रं शिट्ट्या मारायची. मी विचारलं, तुम्ही ऐकता काय? म्हणाली की नवरा होता तोवर दर शनिवारी दोघं क्लबमध्ये कंट्री गाणी ऐकायला जायची. मला हसू आवरेना. मी तिला माझ्या गुराखिणीबद्दल सांगितलं. चौथ्या गाण्यात ती चुकते आणि सगळ्यांसमोर थांबते, हेही सांगितलं. तुम्ही हातोडीची वाट बघू नका, त्या जागेची वाट बघा, मी म्हटलं. सीडी थिएटरमध्ये लावायचा शब्द मी तिला दिला.

सकाळी मी सीडी लावली आणि थिएटरला लागून असलेल्या भूल द्यायच्या खोलीत म्हातारीला बसवलं. दार उघडं होतं. पहिल्या टाळ्या ऐकून तिचे खांदे जरा सैल झाले. मी तिची पाठ पुसत होते तेवढ्यात गाणं बंद झालं आणि ढोल सुरू झाले. तिनं माझा हात धरला. मी तिला नर्सकडे सोपवून बाहेर गेले. सर्जन प्लेअरपाशी उभा होता. पेशंटनं मागितलंय, मी शब्द दिलाय, असं मी त्याला शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, तिला झोपेचं काहीतरी द्या. मी म्हटलं, तिच्या छातीला ते झेपणार नाही, तुम्हालाही माहीत आहे. त्यावर त्यानं फक्त खांदे उडवले आणि हात धुवायला वळला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भूलतज्ज्ञानं पेशंट तयार आहे म्हटल्याशिवाय सर्जनला सुरी लावता येत नाही. हा अधिकार आम्हाला सगळ्यांना असतो, स्टाफ ग्रेडलाही. माझ्यासारखी माणसं तो जन्मभर जपून ठेवतात आणि तसाच घरी घेऊन जातात.

"ती सीडी परत लागेपर्यंत मी सुई देणार नाही," मी म्हटलं.

"एका काउबॉय रेकॉर्डसाठी तुम्ही माझी आजची ऑपरेशनांची लिस्ट थांबवताय?"

"रेकॉर्ड माझी आहे. भीती तिची आहे. मी तिच्यासाठी थांबलेय."

सगळं थिएटर हातातलं काम न करता ते करत असल्यासारखं दाखवत होतं. मी जागची हलले नाही. शेवटी तो हात धुवायला गेला. ऑर्थोपेडिक सिस्टरनं ढोल बंद केले आणि माझी सीडी पुन्हा पहिल्यापासून लावली. मी सुई दिली. पाय बधिर होऊन सुरी लागेपर्यंत सिस्टर पहिलंच गाणं पुन्हा पुन्हा लावत राहिली.

करवत चालू झाली तेव्हा दुसरं गाणं होतं. म्हातारीनं डोळे घट्ट मिटले. मी तिच्या डोक्याशी बसून तिच्या कानात बोलत राहिले, आता फिडल येईल, आता लोक गातील. तिसरं गाणं संपता संपता हातोडी पडली. टेबल हादरलं, तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी चार बोटं दाखवली. गाणं सुरू झालं, दीड ओळ झाली आणि थांबलं. "नाही, हे वर लागलं." म्हातारी ऑक्सिजनच्या मास्कआड खुदकन हसली, हसताना खोकली, आणि सर्जनला हातोडी धरून थांबावं लागलं. "थांबली ते बरं केलं तिनं," म्हातारी मला म्हणाली. पुढे हातोडीवर हातोडी पडत राहिली आणि तिची बोटं हाताखालच्या तक्त्यावर गाण्याचा ठेका धरत राहिली. माझ्या मशीनचा सूर एकदाही उतरला नाही.

तिचा गुडघा उत्तम झाला. तो सर्जन करायचाच उत्तम.

पुढच्या आठवड्यात त्यानं मला त्याच्या ऑफिसात बोलावलं. आवाज चढवला नाही, चहाही विचारला. म्हणाला की तुमच्या कामाबद्दल मला शंका नाही, पण टीमसमोर जे झालं ते असंच सोडलं तर अभिप्रायात मला त्याचा उल्लेख करावा लागेल. तुम्ही टीमसमोर सॉरी म्हणा, मी ते विसरून जाईन. मी विचार करून सांगते म्हटलं, पण विचार मी दारापर्यंत जायच्या आतच केला होता. मागे वळून नाही म्हणून सांगितलं आणि बाहेर पडले.

नवरा घरी जेवताना चिडला. या देशात दुसऱ्याचा पाय आपल्या पायावर पडला तरी आपण सॉरी म्हणतो, मग एक आणखी म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं, आजवर तेच म्हणत आले. बसमध्ये, वॉर्डात, नाव नीट न उच्चारणाऱ्यांना, माझं इंग्रजी न समजल्याचं सोंग करणाऱ्यांना. हे एक मी देणार नाही. मग उठून त्यानं माझ्या ताटात भात वाढला आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

अभिप्रायात लिहिलं होतं की काम उत्कृष्ट, सोबत काम करायला अवघड. अर्ज परत आला. मी त्या दिवशी गाडीत बसून रडले, रागानं रडले, आणि रडून झाल्यावर तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी त्याचीच लिस्ट होती. पहिला पेशंट म्हणजे एक लठ्ठ, घामाघूम झालेला गृहस्थ, त्यालाही जागंच राहायचं होतं. दार उघडं होतं आणि पलीकडे सर्जन हात धूत होता. त्याला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा मी विचारलं, "तुम्हाला काय ऐकायला आवडेल?"