काकूंच्या फ्रिजमधले भुंगे

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या भुंगेकाकूंच्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी लोणच्याची एक रिकामी बरणी असायची आणि तिच्यात जिवंत भुंगा. गारव्याने तो सुस्तावला की काकू त्याला टेबलावर काढत, भिंगातून पट्टे बघत, फोटो घेत. अंगात ऊब आली की स्वारी परत बागेत. चहासाठी दूध काढायला गेलेल्या किती पाहुण्यांची भंबेरी उडाली असेल, देव जाणे.

त्यांच्या अंगणात तुळसही मोकळी फुललेली. मी सवयीने मंजिऱ्या खुडायला गेले की म्हणत, "राहू दे नं. त्यांचं जेवण आहे ते." नागपूरची माया, पण आवाज खणखणीत.

मग शेजारच्या सबनीसकाकांच्या घरामागच्या लाकडी ओट्याला, म्हणजे डेकला, भोकं पडली. "वहिनी, तुमचे बंबलबी माझा डेक पोखरतायत. मी कंप्लेंट केलीय," त्यांनी कुंपणावरूनच सांगून टाकलं. वसाहतीच्या कमिटीने काकूंना बोलावलं. त्यांच्या अंगणातली फुलझाडं ठेवायची की उपटायची, याचा निकाल तिथे लागणार होता. काकू निघाल्या त्या बर्फाची पेटी घेऊन. पेटीत काय असणार ते ओळखून मी धास्तावतच गाडी काढली.

कमिटीसमोर त्यांनी दोन गारठलेले भुंगे ठेवले. एक डेकवर पकडलेला, दुसरा तुळशीवरचा.

"दोघांची पाठ बघा," काकू म्हणाल्या. "याची पाठ चकचकीत, टक्कल पडल्यासारखी. हा कार्पेंटर बी, म्हणजे सुतार. लाकूड हाच पोखरतो. आणि हा केसाळ, तो बंबलबी. हा जमिनीतल्या बिळात राहतो. त्याला डेकचं काय करायचंय?"

अध्यक्षबाई चष्मा सावरून वाकल्या. सबनीसकाकाही वाकले. काकूंनी सुतारावर झाकण ठेवलं, तोवर केसाळ पाहुणा थरथरला, उडाला आणि काकांच्या खिशावर जाऊन बसला.

"घाबरू नका भाऊजी, नर आहे. त्याला नांगी नसते."

काका मान खाली घालून बघत राहिले. "केस आहेत खरे," अखेर ते पुटपुटले. फुलझाडं राहिली. शिवाय कमिटीने क्लबहाउससमोर लावायला काकूंकडेच रोपं मागितली. त्या दिवशी मला काकूंचा इतका अभिमान वाटला की गाडीत बसल्यावर मी त्यांना मिठीच मारली.

काकू आता लेकीकडे सांता क्लाराला असतात. त्यांच्यावाचून गल्ली सुनी वाटते. घराच्या नव्या मालकांनी परवा माळ्याला बोलावून सगळं उपटायला सांगितलं, सरळ हिरवळ करायची म्हणून. मी चपला शोधेपर्यंत सबनीसकाका त्या अंगणात पोहोचलेही होते.

"एकाही झाडाला हात लावायचा नाही," ते म्हणत होते, "नाहीतर मी कंप्लेंट करीन."