भांडायला आलेली बाई

जालन्याला पुरुषांच्या वॉर्डात मी असिस्टंट मेट्रन होते, त्या वर्षांतली गोष्ट. एका दुपारी हसनाबादची एक म्हातारी भलत्याच वेळी आली. तिचा नवरा ऑपरेशननंतर तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता. बोलत नव्हता, दूधसुद्धा घेत नव्हता.

"भेटायची वेळ संपली, मावशी."

"भेटायला कोन आलंय? म्या भांडायला आले!" पदर खोचून ती थेट खाटेशी गेली. "म्हैस यांनी सोडली, अन् नाव माझं घेऊन राह्यले!"

म्हातारा कण्हत वळला. "बिलकुल खोटं! हिनंच बराबर बांधली न्हाई. ते दूध आण इकडं, मंग सांगतो तुला!"

मोठ्या मेट्रनबाई येऊ नयेत म्हणून मी दाराशी पहारा देत उभी राहिले. कुणाचं भांडण मिटू नये, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.