हिराबाईंचं पान

कर्णिक सर गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी रडू नाही आलं, भीती वाटली. सव्वा महिना होऊन गेला, आता कबूल करायला हरकत नाही. आमच्या इतिहास मंडळाच्या कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडे होती आणि त्या कपाटात माझ्या हातची एक चूक दुरुस्त व्हायची राहिली होती.

मंडळ म्हणजे भिवंडीतल्या एका लूम कारखान्यावरची खोली. खाली शिफ्ट चालू असली की टेबलावरची पेन्सिल आपोआप घरंगळते. शाळेतून निवृत्त झाल्यावर सर तिथे बसून आसपासच्या गावांतल्या घराण्यांच्या वंशावळी लिहीत. मी ग्रंथालयातली नोकरी सांभाळून शनिवारी पक्की नक्कल करायला जायची. लोक मुलांची नावं धडाधड सांगत, मुलींचं विचारलं की म्हणत, "त्या काय, परक्या घरच्या." सर पेन्सिल धरून बसूनच राहत. शेवटी नाव निघायचंच. त्यांचा एक नियम होता. वंशावळ त्या घराण्यातल्या थोरल्या बाईला वाचून दाखवल्याशिवाय पेन्सिलीवर शाई फिरवायची नाही. मी घाई केली की चिडवत, "बाई, गॅसवर दूध ठेवून आलात का?"

काल्हेरकडचं ते घराणं… आडनाव लिहीत नाही, तेवढी हिंमत नाही. सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा दोघे भाऊ आले. शेतावर गोदाम उठायचं होतं आणि जमिनीचे वारस दाखवायला वंशावळीची प्रत त्यांना त्याच दिवशी हवी होती. सरांच्या कच्च्या यादीत हिरा नावाची एक बहीण होती. धाकटा म्हणाला, "ती न्हाय आता. ल्हानपनीच वारली." त्यांच्या म्हाताऱ्या आईला विचारायला हवं होतं. पण ऊन मी म्हणत होतं, मी दमले होते. हिराच्या नावापुढे मी शाईने 'बालपणी मृत' लिहिलं आणि शिक्का मारून प्रत दिली.

हिराबाई अंबाडीच्या बाजारात भाजी विकतात, हे सरांना महिन्याभराने कळलं. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "जिवंत बाई मारलीत," एवढंच म्हणाले आणि पान दुरुस्त होणार असा भावांना निरोप धाडला. त्यानंतर दर शनिवारी समोरच्या पानटपरीवर दोन माणसं उभी दिसायची. एकदा धाकटा भाऊ वर आला. "सर, पान हाय तसा ऱ्हाऊ द्या. वय झालंय तुमचं, जिना उभा हाय." सरांनी त्याला पाणी दिलं. "तुमच्या बहिणीला घेऊन या," म्हणाले, "मग बोलू."

पुढच्याच आठवड्यात सर गेले. घरी, खुर्चीत बसल्या बसल्या. हृदयविकार, डॉक्टर म्हणाले, आणि मीही तेच मानते. तरी तो जिना उतरताना अजून भिंत धरते.

तेराव्यानंतर मला धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, किल्ली आता तुमच्याकडं ना? पोरगी कंच्या कॉलेजात हाय तुमची?" बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं ते पान फाडायलाच. कोपरा चिमटीत धरला होता… तेवढ्यात माझ्या शाईखाली सरांची पेन्सिल दिसली: 'वाचून दाखवणे बाकी.'

भावांची आई एव्हाना वारली होती. म्हणजे त्या घराण्यातली थोरली बाई आता हिराबाईच. मी वही पिशवीत घातली आणि एसटीने अंबाडीला गेले. भेंडीच्या वाट्यांसमोर बसून खापरपणज्यापासून वाचत आले, आणि त्यांच्या नावाशी थांबले.

"थांबलीस का? वाच."

वाचलं. भेंडी निवडणारे त्यांचे हात थांबले.

"कोनी सांगला?"

"तुमच्या भावाने. पण लिहिलं मी."

"मंग तूच खोड." मी खोडलं. मी मागे वळून रस्त्याकडे बघतेय हे पाहून त्यांनी विचारलं, "भ्याव वाटतं?"

"वाटतं."

"मना पन," त्या म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.

'वाचून दाखवलं' असं लिहून त्याखाली सर नेहमी आपलं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता घालत. कुणाला काही विचारायचं असेल तर सरळ घरी यावं म्हणून. मी नाव लिहिलं. पत्त्याशी हात अडला. लेक त्या वेळी घरी एकटी होती…

मग पत्ताही लिहिला, पिनकोडासकट.