दोन रात्रींच्या वर पाहुणा

वरचा मजला भाड्यानं देताना अकरा महिन्यांच्या करारनाम्याला मी स्वतःच्या अक्षरात सतरा अटी जोडल्या होत्या. नववी अशी: पाहुणा दोन रात्रींपेक्षा जास्त राहणार असेल, तर घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी. माझं आयुष्य सरकारी कचेरीत गेलं. कुणी अर्ज घेऊन समोर उभं राहिलं की मला बरं वाटतं, हे कबूल करतो.

भाडेकरू जयसिंगपूरचा, इथं एमआयडीसीत कामाला, एकदम शब्दाचा पक्का. त्याची आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली, तेव्हा त्यानं रीतसर अर्ज दिला. मी 'मंजूर' लिहिलं. दोन रात्रींनी दुसरा आला, तोही मंजूर केला. तिसऱ्याला मात्र माझं डोकं फिरलं. डॉक्टरांनी अजून आठवडाभर रोज बोलावलंय, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं, तरी मी शेरा मारला: नामंजूर. का, ते आज सांगता येत नाही. अट माझी होती, एवढंच.

म्हातारी सकाळच्या एसटीनं परत जाणार होती. पहाटे पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं आणि एसटी बंद झाली. आठ वाजता आमच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी होतं. मी आणि बायको पिशव्या घेऊन बाहेरच्या जिन्यानं वर गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाडेकरू दोन कागद घेऊन पुढं उभा राहिला.

"काका, ह्यो आईचा अर्ज. पाणी उतरंपातूर ऱ्हाऊ द्या म्हणून. आनि ह्यो तुमचा."

"माझा?"

"तुमच्या बी दोन रात्री झाल्या की. नऊ नंबरची अट हाय."

चेष्टा करतोय का, म्हणून मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. गडी घाबरला होता. त्याची बायको सहा महिन्यांची पोटुशी, आणि अट मोडली तर काका घर खाली करायला लावतील याची त्याला खरोखर धास्ती होती.

मी चष्मा लावला आणि माझ्याच घरात राहायला मला स्वतःला मंजुरी दिली. माझ्या बायकोनं हसून हसून चहा सांडला. आईचा अर्ज मात्र 'बघू' म्हणून मी उशाखाली सारला. तेवढाच रुबाब शिल्लक होता.

म्हातारीच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यात अजून मोतीबिंदू. मी कोण ते तिला दिसत नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नव्हतं. दुपारी ती चाचपडत माझ्याशेजारी येऊन बसली.

"पावणं, तुमचं बी घर बुडालं न्हवं?"

"व्हय."

"हितला मालक लई कडू हाय म्हणं. आजारी-बिजारी असंल बिचारा." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पोराला म्हटलं, मला त्या शाळंत नेऊन सोड, पूरवाल्यांत. माज्यापायी पोटुशी सुनंला घर बदलायची पाळी याय नगं."

मला लाज वाटली, सरळ सरळ लाज. उशाखालचा कागद काढून मी लिहिलं: मंजूर, हवे तितके दिवस. पोरानं ते मालकाचा शेरा म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं.

म्हातारीनं दोन्ही हात जोडले, कुठं बघून ते तिलाच ठाऊक.

"मनाचा मोठा हाय की वो मालक! वयानं ल्हान असू दे न्हायतर थोर, भेटला की पाया पडते बघा त्याच्या."

मी हळूच पाय मांडीखाली ओढून घेतले.