दत्तूभाऊंची बसकी गाडी

दत्तूभाऊंची गाडी बसकी होती तेवढे दिवस तिच्यातून जायचं म्हणजे थोडं चालायची तयारी ठेवावी लागे. समोर गतिरोधक दिसला की ते गाडी कडेला घेत आणि मान न वळवता म्हणत, "बाई, उतरा. दोन पावलं पुढे जाऊन उभ्या राहा." मी उतरायचे. माझ्याबरोबर डिकीतला पाण्याचा कॅनही उतरायचा. गाडी हलकी झाली की भाऊ ती तिरकी घालून, एकेक चाक जपत गतिरोधकावरून नेत आणि पलीकडे आमची, म्हणजे माझी आणि कॅनची, वाट बघत थांबत. त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, मात्र उतरायची मुभा नव्हती. त्या मागच्या सीटवर डोळे मिटून, नाकाशी लिंबू धरून बसलेल्या असत. मोखाड्याच्या अलीकडे एकदा लाकडाची मोळी घेऊन चाललेल्या म्हातारीने मला विचारलं, "गाडी हाय ना बाय, मग चालतेस कशाला?" मी कॅन दुसऱ्या हातात घेतला आणि पुढे चालू लागले.

मी जव्हारला त्यांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. मी शिकवायचे ती शाळा मोखाडा तालुक्यात, त्यामुळे जीपने रोजची ये-जा. भाऊंचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईकाने कळशी मागितली की भाऊ आधी तिला बोटाच्या पेराने टिचकी मारत, कान जवळ नेऊन ऐकत आणि बहुतेक वेळा परत फळीवर ठेवत. "ही नको. हिचा आवाज बसलाय." दाभोशाहून लग्नाची भांडी घ्यायला आलेली माणसं परतीची जीप चुकेल म्हणून चुळबुळ करत, पण भाऊंच्या टिचक्या संपत नसत. चांगला आवाज देणारी कळशी हाती आल्यावरच ते गिऱ्हाईकाला मोकळं करत.

काळजी हा त्यांचा स्थायीभाव होता. माझी जीप उशिरा आली की ते दुकानाच्या पायरीवर उभे दिसत. मी उतरले की म्हणत, "बाई, फोन लागत नव्हता. मी मनात सगळं करून बसलो होतो." हे 'सगळं' म्हणजे काय ते मी एकदा विचारलं. त्यांनी इतक्या तपशिलाने सांगितलं, जीप कुठल्या वळणावर कलंडली, कोणी उचललं, माझ्या आईला फोन कोणी करायचा, की दुसऱ्या दिवशी त्या वळणावर मी जीपचा दांडा दोन्ही हातांनी धरला. मी त्यांची चेष्टा करायचे. पण घरापासून लांब राहणाऱ्या बाईला आपल्यासाठी कोणीतरी पायरीवर उभं आहे हे बरंही वाटतं.

अशा माणसाच्या घरात खरोखरचं दुखणं आलं. वहिनींच्या छातीत गाठ निघाली. नाशिकला ऑपरेशन झालं आणि पुढे केमो सुरू झाली, दर तीन आठवड्यांनी एकदा. एकुलती एक मुलगी वापीला दिलेली, तिचं मूल लहान. त्यामुळे नेणं-आणणं भाऊंवरच होतं. त्यासाठीच त्यांनी ती डिकीवाली गाडी घेतली होती, जुनीच, पण आतून स्वच्छ. नाशिकचा रस्ता मोखाड्यावरून, मग तोरंगणचा घाट, मग त्र्यंबक. वहिनींना लहानपणापासून गाडी लागायची. त्यात औषधाने आधीच ढवळत असायचं. पहिल्या खेपेला घाटात किती वेळा थांबावं लागलं ते भाऊंनी मला बोटांवर मोजून दाखवलं. दुसऱ्या खेपेनंतर वहिनींनी अंथरुणावर पडल्या पडल्या सांगून टाकलं, "आता मी यायची नाही. मरायचं ते घरात मरेन. त्या घाटात नको."

त्या बोललेलं मागे घेणाऱ्या बाई नव्हत्या. भाऊंनाही ते ठाऊक होतं. उपचार अर्धवट सोडून चालणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि बायको तर घाटाचं नाव काढलं तरी भिंतीकडे तोंड फिरवत होती. नाशिकमध्ये खोली घेऊन राहायचा पर्याय मी सुचवला, तर वहिनी म्हणाल्या, परक्या घरात मला घासही उतरणार नाही. मग भाऊंनी सगळा जीव गाडीवर लावला. वहिनींना बदलता येत नव्हतं, घाट बदलता येत नव्हता. उरली गाडी.

नाशिकला हॉस्पिटलच्या आवारात त्यांनी एका तरुणाची जमिनीलगत बसवलेली गाडी पाहिली होती. आखूड स्प्रिंगा टाकल्या की गाडी खाली बसते आणि मग वळणावर झुकत नाही, असं त्याने सांगितलं. भाऊंना ते तत्काळ पटलं. इतकी वर्षं भांडी विकलेल्या माणसाला ते पटणारच. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी दुकानातून आणलेली दोन भांडी माझ्यापुढे ठेवली. "बाई, हा उंच गंज. जरा धक्का लागला की आडवा. आणि हे बसकं पातेलं. चूल हलली तरी हे जागच्या जागी. गाडीचंही तेच."

मी म्हटलं, "भाऊ, आपल्या रस्त्यावर उंच जीपचंसुद्धा पोट घासतं."

"मी सांभाळून नेईन," ते म्हणाले. "वजन उतरवून नेईन."

तिथून माझं चालणं सुरू झालं. वहिनींना तिसऱ्या खेपेला राजी करायला मी बरोबर जायचं ठरलं होतं. स्प्रिंगा टाकलेली गाडी दारात उभी राहिली तेव्हा ती मार खाऊन बसल्यासारखी दिसत होती. घाटाच्या वळणांवर ती खरंच कमी झुकली, हे कबूल केलं पाहिजे. पण घाटाच्या आधी मोखाड्याचा सगळा रस्ता होता, ठिगळांचा आणि खड्ड्यांचा. तिथे ती गाडी नुसती उसळत राहिली. एक धक्का बसला की त्याच्या मागे चार. भाऊंनी आतला आरसा मागचा रस्ता दिसावा म्हणून नव्हे, तर वहिनींचा चेहरा दिसावा म्हणून फिरवून ठेवला होता. दर वळणाला "कसं वाटतंय?" वहिनी डोळे आणखी घट्ट मिटत. समोरून एसटी येत होती आणि भाऊ आरशात बघत होते. मी सीटच्या कडा धरून बसले होते. त्या दिवशी आमच्यात कमी कोण घाबरलं होतं ते सांगणं कठीण आहे. वहिनींना आधीच्या दोन्ही खेपांपेक्षा जास्त त्रास झाला.

नाशिकला वहिनींना सलाइन लावलेलं असताना भाऊ मला घेऊन एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या माणसाने गाडीची डिकी दोन्ही हातांनी दाबून सोडली. गाडी वरखाली डुलत राहिली. "स्प्रिंग उसळते, शॉकअपने ती उसळी धरायची असते," तो म्हणाला. "तुमचे शॉकअप जुने, ते काहीच धरत नाहीत. आणि या स्प्रिंगांना ते लांबीलाही जास्त होतात. एक तर या स्प्रिंगांच्या मापाचे आखूड, कडक शॉकअप घ्या, गाडी अशीच खाली राहील. नाहीतर मूळच्या स्प्रिंगा परत टाका आणि त्यांना नवे शॉकअप घाला. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

ठरवा म्हणणं सोपं होतं. पुढच्या खेपेपर्यंतचे ते दिवस मला चांगले आठवतात, कारण भाऊंनी स्वतःची झोप घालवली तशी माझीही घालवली. कडक घ्यावेत तर खड्ड्यात वहिनींच्या ऑपरेशनच्या टाक्यांना हिसका बसेल. मऊ घ्यावेत तर घाटात गाडी पुन्हा झुकेल. सकाळी दूध घ्यायला आले की म्हणत, "कडकच बरे." संध्याकाळी दुकान बंद करून आले की, "नाही बाई, कडक नकोत." जव्हारमधल्या ज्याच्या ज्याच्याकडे चारचाकी होती त्याला त्यांनी विचारलं, आणि प्रत्येकाने वेगळं सांगितलं. एकदा ते डिकीवर स्वतः बसून गाडी हलवत होते, उतरत होते, पुन्हा बसत होते. शेजारची माणसं बघत होती. मला हसू आलं आणि लगेच फार वाईट वाटलं. चुकीचं निवडलं तर बायको उपचार सोडणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. गाडीच्या लोखंडाच्या एका तुकड्यावर तिचा जीव टांगलाय असं ते धरून चालले होते.

वहिनी खिडकीतून हे बघत होत्या. केस गेलेल्या डोक्याला रुमाल बांधून त्या बाहेर ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, काय चाललंय तुमचं?"

"कडक घ्यावेत की मऊ, ते बघतोय."

"मला विचारलंत का?"

भाऊ डिकीवरून उतरले. इतक्या दिवसांत त्यांनी वहिनींना 'कसं वाटतंय' हे हजारदा विचारलं होतं. नेमकं कशाने होतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. मीही नव्हतं.

"वळणाचं मला काही नाही," वहिनी म्हणाल्या. "वळण आलं की मी दाराला धरते. ती खालीवर होते ना, पाळण्यासारखी, त्याने पोटात ढवळतं. या नव्या स्प्रिंगांनी तर जास्तच. आणि तुम्ही आरशातून टक लावून बघता, त्याने अजून होतं. ओकते का, ओकते का, म्हणून कोणी तोंडाकडे बघत बसलं तर चांगल्या माणसालाही ओकारी येईल."

भाऊंनी मान खाली घातली. मग म्हणाले, "मग मूळच्याच स्प्रिंगा टाकतो. आणि नवे शॉकअप, ना फार कडक, ना मऊ."

"टाका. आणि आरसा नीट लावा."

मूळच्या स्प्रिंगा दुकानाच्या माळ्यावर परातींच्या मागे होत्या. टाकून देणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. नवे शॉकअप घेताना त्यांनी काउंटरवर प्रत्येकाला टिचकी मारून कान लावला. दुकानदार म्हणाला, "काका, ते वाजत नसतात." भाऊ म्हणाले, "माहीत आहे. मला बरं वाटतं."

गाडी उंचीला पूर्ववत झाली आणि मी चालायची थांबले. पुढच्या खेपेला वहिनींना अजिबात त्रास झाला नाही असं झालं नाही. घाटात एकदा थांबावं लागलंच. पण खड्ड्यातून गेल्यावर गाडी एकदाच दबायची आणि शांत व्हायची. परत आल्यावर वहिनी अंथरुणावर पडून छताकडे बघत म्हणाल्या, "पुढचीही करून टाकू." भाऊ मोरीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. मला वाटतं ते रडत होते.

त्यानंतरच्या सगळ्या खेपा झाल्या. भाऊंची काळजी कमी झाली नाही. निघायच्या आधी ते चारही चाकांशी वाकून बघत, डिकी दाबून सोडत, किती वेळा उसळते ते बघत. मला गाडी चालवता येत होती, पण स्टीअरिंग त्यांनी मला फक्त मोखाड्याच्या पुढच्या सरळ पट्ट्यावर दिलं, तेही हात हँडब्रेकवर ठेवून.

शेवटच्या तपासणीला मी बरोबर होते. शाळेला सुट्टी होती. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं की आता औषध बंद, तीन महिन्यांनी या. भाऊंनी तीनदा विचारून खात्री करून घेतली. बाहेर आल्यावर ते कोणाशी बोलले नाहीत. वहिनींनी त्र्यंबकला थांबून चहा मागितला, कित्येक महिन्यांनी स्वतःहून. दुपार टळली होती. घाट उतरायला लागलो आणि मला वाटलं, चला, संपलं सगळं एकदाचं.

अर्ध्या घाटात भाऊंनी गाडी कडेला घेतली. "जरा थांबतो," म्हणाले. ते दार उघडून उतरले, कठड्याला धरून वाकले आणि त्यांना उलटी झाली. वहिनी हसल्या. "बघा, आता तुम्हाला लागली." मीही हसले. इतक्या महिन्यांचा ताण उतरतोय असंच वाटलं. मग वहिनी पाणी घेऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवायला गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. भाऊंचा सदरा घामाने चिंब होता आणि अंग गार पडलं होतं. डावा हात त्यांनी छातीशी धरला होता.

"मनीषा, गाडी फिरव," वहिनी मला म्हणाल्या. त्र्यंबक मोखाड्यापेक्षा जवळ होतं.

आम्ही दोघींनी त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. वहिनींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मी स्टीअरिंग धरलं आणि गाडी वळवली. तो घाट मी कधी चालवला नव्हता. पहिल्या वळणाला मी वेग कमी केला, तर मागून वहिनी म्हणाल्या, "जोरात घे. कुठे थांबू नकोस." मी घेतली. एकेक वळण येत गेलं, मोडलेल्या डांबरावरून चाकं जात राहिली, आणि ती गाडी दरवेळी एकदाच दबून स्थिर होत होती. भाऊंनी निवडलेलं काम ती चोख करत होती.

त्र्यंबकच्या दवाखान्यात आम्ही पोचलो, पण भाऊंना जिवंत घरी परत आणू शकलो नाही. घाटात ते बेशुद्ध पडलेत असंच मला वाटलं होतं. वरच्या शेवटच्या वळणावर गाडी जराशी झुकली तेव्हा त्यांचे ओठ हलले.

"हळू घ्या बाई," ते म्हणाले. "तिला लागेल."

वहिनींनी पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. "नाही लागत हो," त्या म्हणाल्या. "आज नाही लागत."