आईचा कवळीसकट फोटो

कलात्मक फोटो म्हटलं की माझं डोकं फिरतं. मैत्रिणी बोलावतात, ये गं, काय सुंदर पोर्ट्रेटं लावलीत, काळ्यापांढऱ्यात. मी जात नाही. एकदा गेले होते, आईला घेऊन, तेवढं मला जन्माला पुरलं.

मी सावंतवाडीत शाळेत मराठी शिकवते. तेव्हा आमच्याकडे चित्रकलेचे एक सर होते. गळ्यात कॅमेरा, खांद्याला झोळी आणि तोंडात सारखं ‘चेहऱ्यामागचा माणूस’. कोकणातल्या चेहऱ्यांचं त्यांचं प्रदर्शन व्हायचं होतं. आई एकदा मला ओले काजूगर द्यायला शाळेत आली होती, तेव्हा त्यांनी तिला पाहिलं. “मॅडम, तुमच्या आईचा चेहरा मला हवाय,” असं ते स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले आणि मी फुशारले. खोटं कशाला बोलू?

आई गावी एकटीच राहते, धामापूरच्या अलीकडे. थोडं भात, थोडी काजूची झाडं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा फोटो भिंतीवर आहे, त्यात ते कोट घालून आहेत. ह्या माणसाने जन्मात कधी कोट घातला नव्हता! आमच्याकडे माणूस गेला की बाराव्याच्या आत फोटो हवा असतो. मग कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतला चेहरा काढायचा आणि स्टुडिओवाल्याने तो तयार कोटावर नेऊन बसवायचा. आईला त्या कोटाचा मनापासून राग. “माझो असो करू नकास हां,” ती दर गणेशचतुर्थीला मला बजावायची. “माझो फोटो मी जित्ती आसतानाच काढूचो. माझ्याच लुगड्यात. आणि तोच भितीर लावचो.”

त्यामुळे सर फोटो काढायला येतायत म्हटल्यावर तिने एकच अर्थ घेतला. मी तिला समजावत बसले नाही. म्हटलं, बरंच झालं, तिचंही काम होऊन जाईल.

आम्ही पोचलो तेव्हा ती तयार होऊन बसली होती. भाच्याच्या लग्नातलं जांभळं लुगडं, कानात कुड्या, तेल लावून चोपून घातलेला अंबाडा. आणि कवळी. ती कवळी तिला बोचते, म्हणून एरवी वाटीत पाण्यात पडलेली असते. त्या दिवशी सकाळपासून तोंडात होती, धड पेजसुद्धा प्यायली नव्हती. घरापुढच्या खळ्यात खुर्ची पुसून मांडलेली.

सरांनी बघितलं आणि तोंड वाकडं केलं. “नाही हो, हे फारच लग्नातलं वाटतं. रोजचं काहीतरी नेसायला सांगा. कामाचं.”

आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “आई, ते सांगतात तसं कर ना. त्यांना कळतं त्यातलं.” घरी मी तिच्याशी मालवणीत बोलते. सरांसमोर मात्र मला पुस्तकी मराठी सुचली होती, तेसुद्धा आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

ती आत जाऊन काजूच्या चिकाचे डाग पडलेलं लुगडं नेसून आली. मग अंबाडा सोडायला लावला. मग कुड्या. मग खळ्यातली खुर्ची नको, चुलीपाशी बसा, जरा धूर होऊ द्या. आई खोकत होती आणि सर “व्वा, व्वा” करत होते. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “गाल भरलेले दिसतायत. कवळी आहे का?”

वाटी मी आणली. मीच! तिच्यापुढे धरली आणि म्हटलं, “काढ गो, दोन मिन्टांचा काम.” तिने पदराआड तोंड करून कवळी काढली आणि वाटीत टाकली.

“मास्तरांनू,” ती बोळक्या तोंडाने म्हणाली, “ह्यो झालो काय माझो एक बरो काढा हां.”

“हो हो आजी, काढू की.”

तासभर झाल्यावर सर उठले. आई आत धावली. जांभळं लुगडं पुन्हा नेसून, कवळी घालून बाहेर आली, तर हे महाशय बाईकवर बसलेले. “आता उजेड गेला आजी, पुन्हा कधीतरी,” म्हणाले. खळ्यात ऊन चांगलं टळटळीत होतं. आई खुर्चीला धरून तशीच उभी राहिली आणि मी सरांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले.

प्रदर्शन सावंतवाडीत तळ्याकाठच्या एका हॉलमध्ये होतं. आई परत तेच जांभळं लुगडं नेसून आली, कारण निदान तिथे तरी सर आपला एक बरा फोटो काढतील अशी तिला अजून आशा. दारातच तिचा फोटो होता, दाराएवढा. विस्कटलेले केस, खप्पड गाल, डोळ्यांत पाणी. खाली पाटी, ‘वेदना’. अहो, कसली वेदना? ओल्या लाकडांचा धूर होता तो! बायका पुढ्यात उभ्या राहून चुकचुकत होत्या. “काय भोगलं असेल हो हिने,” एक म्हणाली. “आहे का अजून बिचारी?”

बिचारी तिच्या शेजारीच उभी होती. कुणी ओळखलं नाही. तेवढ्यात सर पाहुण्यांना घेऊन आले आणि आईला म्हणाले, “आजी, जरा बाजूला व्हाल? फोटो दिसत नाहीये.”

माझा तोल गेला. “सर, ही तीच आहे!”

“अरेच्चा,” ते हसले. “दात घातले ना, म्हणून ओळखू आल्या नाहीत.”

आई शांतपणे म्हणाली, “मास्तरांनू, तुमच्या आवशीचो फोटो असोच लावल्यात काय हो घरात?”

सरांच्या आईचा विषय निघताच पाहुणे इकडेतिकडे बघायला लागले. मी म्हटलं, हा फोटो खाली उतरवा, आत्ताच्या आत्ता. मी ओरडतच होते. सर अजिबात चिडले नाहीत. “मॅडम, कवळी तर तुम्हीच काढायला लावलीत,” एवढंच म्हणाले.

फोटो तिथेच राहिला. आई हॉलबाहेर पडून चालायला लागली, मी मागे. बाजारातल्या जुन्या स्टुडिओपाशी ती थांबली. “तू भायर रव,” म्हणाली.

मी पायरीवर बसले. आतून स्टुडिओवाल्याचा आवाज येत होता, मान जरा वर, हां, पदर सारखा करा. किती वेळ तो तिचा पदर नीट करून घेत होता. मला दार ओलांडायची हिंमत झाली नाही.

तिने दोन प्रती काढून घेतल्या. एक ट्रंकेत ठेवली आणि एक माझ्या हातात दिली. “ह्यो तुझ्याकडे रवांदे. तुका आवशीचा तोंड इसराक होता.”

फोटो झकास आलाय. जांभळं लुगडं, कुड्या, अंबाडा, कवळीने भरलेले गाल, सगळं तिला हवं होतं तसं. फक्त ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. रागाने लालबुंद होऊन ती दाराकडे बघतेय, जिथे पायरीवर मी बसले होते. आणि भिंतीवर मला हाच लावायचा आहे.